मागच्या एक्सलचा दिवा

माझ्या हातचं काम परत येत नाही, असं मी म्हणतो तेव्हा घोडेगावातले लोक हसतात, कारण मी ते उठता-बसता म्हणतो. हसेनात का. मी मूळचा पिंपळवंडीचा, नाव चांगदेव, आणि आपलं काम चांगलं आहे हे दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. ट्रॅक्टर, पिकअप, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे २००९ च्या उन्हाळ्यात एक अंगठ्याएवढा सेन्सर माझ्या दारात पुन्हा पुन्हा यायला लागला, तेव्हा सुरुवातीला मला भीती वाटली नाही. डोक्यात तिडीक गेली.

जीप विपुलची. विपुल म्हणजे बाजारपेठेत बी-बियाण्यांचं दुकान असलेल्या मिश्रीलालशेठचा एकुलता एक मुलगा. एकुलता एक, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पोरगं गोड, पण गाड्यांचं वेड असं की बापानं डोक्याला हात लावावा. मुंबईच्या कुणाकडून त्यानं ही परदेशी जीप उचलली होती. स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळे रस्त्यावरचं प्रत्येक माणूस एकदा वळून बघायचंच.

त्या जीपमध्ये एक गंमत होती. साध्या गाडीचं एक चाक चिखलात घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाला जाते आणि दुसरं चाक जावयासारखं नुसतं बसून राहतं. या जीपला एक बटण होतं. ते दाबलं की मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जायची. फिरली तर दोन्ही मिळून फिरणार. याला म्हणायचं लॉक. लॉक बसला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, आणि दिव्याला ती खबर द्यायचं काम मागच्या एक्सलवर, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावर, बसवलेल्या सेन्सरचं.

"काका, बटण न दाबताच दिवा लागतोय," विपुल म्हणाला.

मी जॅक लावून चाकं फिरवून बघितली. दोन्ही सुटी. म्हणजे लॉक लागलेला नाही, दिवाच खोटं बोलतोय. सेन्सर काढला, उघडला, तर आत पाणी.

"पाण्यात घातली व्हतीस ना?"

"न्हाई हो काका. डिंभ्याच्या धरणाचं पाणी पार खाली गेलंय. मी तळात फिरवतो, जुन्या गावात. पाय भिजंल एवढं बी पाणी न्हाई तिथं."

पोरं खोटं बोलतात, त्याचं काही वाटत नाही. मी सेन्सर झटकला, पाणी फरशीवर सांडलं, आतली गंजलेली टोकं पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस भरलं, तोंडाला काळं सिलिकॉन लावून बंद केला. पुढच्याच आठवड्यात तो परत हजर. दिवा चालू.

आता मात्र मी कंबर कसली. सेन्सर नवा घातला. वायरवर रबरी नळी चढवून ती गरम करून आवळली, वरून सिलिकॉनचा थर दिला, वाळल्यावर दुसरा दिला. मग तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापून बघण्याऐवजी मीटर लावून तपासला. ठणठणीत कोरडा. विपुलला म्हटलं, "आता हा समुद्रात घाल, न्हाईतर चंद्रावर ने."

तो रविवारी गेला आणि सोमवारी सकाळी गॅरेजसमोर उभा होता. त्यानं नुसतं डॅशबोर्डकडं बोट केलं.

मी सेन्सर काढून उजेडात धरला. सिलिकॉन जसंच्या तसं. कुठं चीर नाही, सालपट निघालेलं नाही. ब्लेडनं कापायला मलाच जोर लागला. आणि कापल्याबरोबर पाणी बोटांवर आलं. मे महिना, पत्र्याखालचं गॅरेज, आमच्या नळाला चहा करता येईल इतकं गरम पाणी येतं. हे पाणी मात्र असं गार होतं की बोटं आखडली. आत्ता विहिरीतून शेंदून काढावं तसं. बाजूला चहाची स्टीलची वाटी होती, तिच्यात मी ते ओतलं. एवढ्याशा सेन्सरमधून निघालेलं पाणी वाटीचा तळ भरून वर आलं. मावायला नको होतं तेवढं पाणी.

वाटीत काहीतरी हललं. केसासारखा बारीक, तांबूस किडा. वळवळत होता. जिवंत.

बंद केलेल्या जागेत पाणी शिरलं कसं, याला मी शंभर कारणं देऊ शकतो. किड्याला एकही देता आलं नाही. अंगावर सरसरून काटा आला आणि मग त्या काट्याचाच मला राग आला.

"दिवा नेमका कधी लागतो?" मी विचारलं.

"एकाच जागी," विपुल म्हणाला. "जुन्या गावाच्या खालच्या अंगाला काही दगडं आहेत. तिथं पोचलो की लागतो. मग मी पुढं न्हाई जात, गाडी बंद करतो. बसतो तिथंच."

"बसून काय करतोस?"

तो जरा लाजल्यासारखा हसला. "काय न्हाई. बरं वाटतं. उठावं वाटत न्हाई, काका. मागच्या टायमाला उन्हात किती येळ बसलो काय म्हाईत, पाण्याची बाटली संपली, तरी उठलो न्हाई. कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटतं."

मी त्याला घरी पाठवला आणि गाडी ठेवून घेतली. वाटीवर झाकण घातलं. फेकावी तर फेकवेना.

दुपारी, बाजारपेठ जेवून पेंगलेली असताना, कंचनभाभी आल्या. विपुलची आई. ही बाई इतक्या वर्षांत कधी गॅरेजच्या पायरीवर चढली नव्हती. दुकानात भेटल्या की हसून बोलायच्या, पण हसणं तोंडापुरतं; डोळे कायम काहीतरी मोजत असल्यासारखे मागे राहिलेले. विपुलनं घरी किड्याचं सांगितलं असणार.

"चांगदेवभाऊ, ते पाणी दाखवा."

मी झाकण काढलं. त्यांनी वाटी हातात घेतली नाही. नुसतं बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.

"आमच्या इहिरीचं हाय," त्या म्हणाल्या.

"भाभी, पाण्यावर काय नाव लिहिलेलं असतं का?"

"मी सात-आठ वर्षं त्या इहिरीचं पाणी शेंदलंय. जुन्या गावात आमचं दुकान व्हतं, दुकानामागं इहीर. गावात उन्हाळ्यात एवढं गार पाणी दुसऱ्या कुणाकडं नव्हतं."

मी स्टूल पुढं केलं. त्या बसल्या आणि वाटीकडं बघतच बोलायला लागल्या.

"विपुलच्या आधी मला एक पोरगी व्हती. नीलम. त्याला म्हाईत न्हाई. हा तवा रांगत व्हता, ती पाच-सहा वर्साची. आमच्यात पाणी गाळल्याबिगर पीत न्हाईत, ते तुमाला ठावं हाय. गाळल्यावर फडक्याला जे ऱ्हातं, त्यात बारीक बारीक जीव असत्यात. ते कुठंबी फेकायचं न्हाई. ज्या इहिरीचं पाणी, त्याच इहिरीत परत सोडायचं. फडकं वाटीत खळबळायचं आन् ती वाटी नेऊन सोडायची. रोज मीच जायची. त्या दिवशी हा लई रडत व्हता. म्हणून तिला म्हणलं, जा, तू सोडून ये. वरनं ओतू नको, वाकून हळूच सोड, जिवांना लागंल."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली.

"तिनं ऐकलं माझं. वाकली."

मी हातातलं झाकण फरशीवर ठेवलं.

"डोळ्याला दिसत बी न्हाईत असल्या जिवांना घरी पोचवाया मी माझी पोर धाडली, भाऊ. गावानं इहिरीवर फळ्या टाकल्या. मग धरणाचं पाणी आलं, गाव उठलं, आमी हितं आलो. शेठनी सांगितलं, तिचं नाव घरात काढायचं न्हाई. न्हाई काढलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता ती भावाला बोलावतीय. एक गेली, आता हा बी जाईल. तो दिवा लागू देऊ नका."

"भाभी, वायरींना भुतं कळत न्हाईत," मी म्हणालो खरा, पण आमच्या दोघांमध्ये वाटीत तो किडा वळवळत होता, आणि माझ्या बोलण्यात काही दम राहिला नव्हता.

त्यांनी सगळं ठरवलेलंच होतं. हे पाणी त्या विहिरीचं, ते त्याच विहिरीत सोडायचं. पोरीचं अर्धं राहिलेलं काम पुरं झालं की ती भावाला सोडेल. विहिरीपर्यंत ही जीप सोडून दुसरं वाहन जात नाही, म्हणजे विपुलला न्यावंच लागणार. पण विपुल सांगतो ते दगड म्हणजे विहिरीचाच काठ, असं त्यांनी धरलेलं; तिथं तो दिवा लागता कामा नये, म्हणजे तो तिथं थांबणार नाही, बसणार नाही. एकदा जाऊन आलं की जीप विकून टाकायची.

मी सांगितलं, "दिवा तोडता येतो. पण सेन्सर काढला की गाडीचं डोकं लॉक लावूच देत न्हाई. बटण दाबलं तरी चाकं सुटीच ऱ्हाणार."

"वाळलेल्या जमिनीवर लॉक कशाला लागतोय?"

ते मलाही पटलं. धरणाचा तळ भेगाळून भाकरीसारखा कडक झाला होता. मी गाड्या दुरुस्त करतो, मोडत नाही, हे माझं ब्रीद. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून मी सेन्सर काढला, भोकात बोल्ट आवळला, वायर छाटून टोकं टेपनं गुंडाळली. विपुलला सांगितलं, नवा सेन्सर मुंबईहून यायचाय, तोवर लॉक नाही. तो म्हणाला, चालतंय की. आईला जुनं गाव बघायचंय म्हटल्यावर त्याला कोण आनंद झाला होता. मीही बरोबर निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती वाटी रिकामी होताना मला बघायची होती.

सकाळीच निघालो. डांबरी सोडून उतारानं तळात उतरलो तसा आवाजच बदलला. वर रस्त्यावर पाखरं होती, बैलगाड्या होत्या. खाली जीपच्या इंजिनशिवाय काही नाही, आणि तोही आवाज जमिनीखालून आल्यासारखा. चहूकडं करडा, फुटलेला गाळ. त्यातून घरांची जोती वर आलेली. एका देवळाचा गाभारा उभा, दार नाही, आत गाळ भरलेला. तोडलेल्या झाडांची खोडं, एकाला मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा अडकलेला, वारा नसताना हलत होता.

कंचनभाभी मागं माझ्या शेजारी, पुढच्या सीटला धरून, वाटी पदराखाली झाकून बसल्या होत्या. एकेका जोत्याकडं बघून सांगायच्या, "ही सोनीबाई. हे कासाराचं. ह्या दारात लई चिखल असतोय." असतोय, म्हणायच्या. होता नाही. मला ते ऐकवेना.

खालच्या अंगाला काही मोठे दगड अर्धवट गाळात बुडलेले दिसले. विपुलनं वेग कमी केला आणि डॅशबोर्डकडं बघितलं. पुन्हा बघितलं.

"आज न्हाई लागला," तो म्हणाला. लहान मुलाचं खेळणं कुणी नेल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"बरं झालं," भाभी म्हणाल्या. "थांबव, मला उतरू दे."

मी त्यांना हात देऊन उतरवलं. "तुमी बघा, मी गाडी वळवून घेतो," असं म्हणत विपुल दगडांच्या पलीकडं पुढं निघाला. भाभी दगडांपाशी गेल्या, एकावरचा गाळ हातानं पुसला, आणि त्यांचा चेहरा गोंधळला.

"ही इहीर न्हाई. ही धुणं धुवायची दगडं. इहीर तर..."

त्यांनी मान वर केली. विपुलची जीप जिथं वळत होती तिकडं.

आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला. ओलं, कुजलेलं लाकूड. मग जीपचं मागचं डावं अंग खाली बसलं आणि पुढचं उजवं चाक जमिनीवरून उचललं गेलं. गाळाच्या पापुद्र्याखाली त्या फळ्या इतकी वर्षं तशाच पडून होत्या. जीपचं डावीकडचं, म्हणजे विपुलच्या बाजूचं दार आता बरोबर त्या भोकावर होतं.

मी पळालो. धावत जाऊन पुढच्या बंपरच्या उंच झालेल्या टोकावर पोटावर पडलो, सगळं वजन घातलं. "हलू नको!" मी ओरडलो. "हलशील तर गाडी जाईल! हळूच गिअर टाक!"

त्यानं टाकला. पण मागचं डावं चाक विहिरीवर अधांतरी होतं, पुढचं उजवंही उचललेलं, आणि सगळी ताकद त्या दोन चाकांना. ती गरागरा फिरायला लागली. जमिनीवरची दोन जागची हलेनात. गाडी अजून थोडी खचली. काचेतून मला विपुलचे डोळे दिसत होते. तो लॉकचं बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि ते मेलेलं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मीच ते मारलं होतं. त्या क्षणी मी स्वतःच्या हातांना इतक्या शिव्या दिल्या की काय सांगू.

भाभी मागून येत होत्या. वाटी अजून हातात. त्या भोकाकडं बघून ओरडत होत्या, "नीलम! सोड त्याला! नीलू, मला ने, त्याला सोड!"

आणि माझ्या पोटाखाली, बंपरच्या लोखंडातून, मला तो झटका लागला. कट्ट. लॉक बसतो तेव्हाचा झटका. मी तो झोपेतही ओळखीन. काचेआड डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता आणि त्याचा उजेड विपुलच्या हनुवटीवर पडला होता.

मागची दोन्ही चाकं एका दमात फिरली. उजव्या चाकानं गाळ फोडला, खालची घट्ट जमीन धरली, आणि जीप कुणीतरी मागून खांदा दिल्यासारखी वर आली. मी बंपरवरून घसरून बाजूला पडलो. विपुलनं गाडी पार दगडांपर्यंत आणून बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

पहिली गोष्ट मी काय केली असेल तर गाडीखाली शिरलो. भोकात माझा बोल्ट तसाच. छाटलेली वायर टेपमध्ये तशीच, कोरडी. सेन्सर घोडेगावात, माझ्या पेटीत. वायरीचं टोक कुठं बॉडीला टेकलं तर दिवा एखादवेळ लागेल, हे मला पटतं. पण दिव्यानं चाकं जखडत नाहीत. मी बाहेर आलो आणि विहिरीच्या काठाकडं गेलो.

भोकातून गार हवा येत होती. खाली अंधारात पाणी होतं. जिथं दर वेळी दिवा लागायचा आणि विपुल गाडी बंद करायचा, तिथून ते भोक एका जीपच्या लांबीवर होतं.

"दर टायमाला दिवा लागायचा म्हणून मी पुढं जायचो न्हाई," विपुल म्हणाला. "आज लागला न्हाई, म्हणून गेलो. आई, नीलम कोण?"

कंचनभाभी धुण्याच्या दगडावर बसल्या आणि त्याला सगळं सांगितलं. मी लांब जाऊन उभा राहिलो. सांगून झाल्यावर त्या एकट्या विहिरीकडं गेल्या. मी पुढं झालो तर त्यांनी हातानंच थांबवलं. काठापासून जरा अलीकडं त्या गुडघ्यांवर बसल्या, पोटावर आडव्या झाल्या, आणि हात लांब करून, अगदी हळू, वाटी रिकामी केली. परत आल्या तेव्हा त्यांच्या सगळ्या अंगाला गाळ लागला होता.

"ती बोलवत नव्हती त्याला," त्या मला म्हणाल्या. "आडवत व्हती. दर टायमाला आडवत व्हती. आन् मी तिचं तोंड बांधाया निघाले. भाऊ, मी माझ्याच पोरीला भ्याले वो."

मी त्यांच्या अंगावरचा गाळ झटकला आणि त्यांना गाडीत बसवलं. या वेळी त्या पुढं बसल्या.

परतीच्या वाटेवर दिवा तसाच चालू होता. वळणावर दोन्ही चाकं आपापली फिरत होती, म्हणजे लॉक सुटलेला होता, पण दिवा विझला नाही. एरवी मी म्हणालो असतो, खोटा दिवा. भाभी त्या दिव्याकडं बघत होत्या, हळूहळू त्यांनी बोट पुढं केलं आणि काचेवरून, दिव्याच्या वरून फिरवलं. एखाद्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. त्यांच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं हसू बघितलं.

चढ संपला. पुढची चाकं डांबरीवर चढली, मग मागची चढली, आणि दिवा गेला.

"मागं घे," भाभी म्हणाल्या.

विपुलनं जीप मागं घेतली, डांबरावरून मातीवर. काही नाही. "अजून घे." त्यानं अजून घेतली, पार उताराच्या तोंडापर्यंत. मागून दुधाची गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. भाभींनी दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवले, कपाळ जवळ नेलं.

"नीलू, आता न्हाई भ्यायची मी," त्या म्हणाल्या. "लाव गं. एकदा लाव."

विपुलनं इंजिन बंद करून परत चालू केलं. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात, तसे लागले आणि विझले. तो एक लागलाच नाही.